सात जानेवारीचा नाताळ

२५ डिसेंबर कामाच्या वारी आला, तर त्या सकाळी अदिस अबाबा शहर नेहमीसारखंच उद्योगाला लागतं. बँका उघडतात, सरकारी कचेऱ्यांत फायली हलतात, निळ्या-पांढऱ्या मिनीबसच्या दारात उभी राहून पोरं मार्गाची नावं ओरडत असतात. मोठ्या हॉटेलांच्या दर्शनी भागात एखादं सजवलेलं झाड दिसतं, पण ते बहुतेक परदेशी पाहुण्यांसाठी. वसईहून, गोव्याहून किंवा लंडनहून तिथे पोचलेल्या ख्रिस्ती माणसाला आधी वाटतं, या देशात नाताळ नसावाच. मग कोणीतरी समजावून सांगतं, की नाताळ आहे आणि मोठा आहे, फक्त त्याला अजून तेरा दिवस आहेत. सध्या उपास चालू आहेत.

इथिओपियाच्या नाताळाला ‘गेना’ म्हणतात आणि तो येतो ७ जानेवारीला. सण परका, पंचांग परकं, घड्याळही परकं. तरीही आपला ओळखीचा नाताळ सोडून एखाद्या वर्षी कुठे जावं असं कोणी विचारलं, तर या देशाचं नाव पहिलं घ्यावं. महाराष्ट्रात नाताळाचं जे रूप आपण पाहिलं, ते पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या वाटेने आलेलं. केक, चांदणी, लाल कपड्यातला सांताक्लॉज, बर्फाचा कापूस लावलेलं झाड, हे सगळं युरोपातून निघून बंदरांवर उतरलं. त्यामुळे ख्रिस्ती म्हणजे युरोपीय असं समीकरण नकळत डोक्यात बसलेलं असतं. इथिओपियातला ख्रिस्ती धर्म युरोपच्या वाटेने आला नाही, आणि तिथला नाताळ पाहिला की हे समीकरण पार मोडून पडतं.

चौथ्या शतकातली गोष्ट. आजच्या इथिओपियाच्या उत्तर भागात अक्सूमचं राज्य होतं. तांबड्या समुद्रावरच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं, स्वतःची सोन्याची नाणी पाडणारं. आजच्या लेबनॉनमधल्या टायर या शहरातले दोन ख्रिस्ती मुलगे त्यांच्या जहाजावर हल्ला झाल्यावर जिवंत राहिले आणि राजवाड्यात वाढले. त्यांतला फ्रुमेंटियस पुढे राजाच्या विश्वासातला माणूस झाला. तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला गेला, तिथल्या अथनेशियस या धर्माध्यक्षाने त्यालाच बिशप नेमून परत पाठवलं. राजा एझानाने नवा धर्म स्वीकारला. त्याच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि बिंब दिसतं, नंतरच्या नाण्यांवर त्याच जागी क्रॉस येतो. उत्तर युरोपातल्या बहुतेक लोकांनी तेव्हा ख्रिस्ताचं नावही ऐकलेलं नव्हतं. तेव्हापासून साधारण सोळाशे वर्षं इथिओपियाच्या चर्चचा प्रमुख बिशप इजिप्तहून यायचा. १९५९ साली तिथे पहिला इथिओपियन पॅट्रिआर्क झाला. २००७ च्या जनगणनेत देशातले सुमारे ४३ टक्के लोक या ऑर्थोडॉक्स चर्चचे होते आणि ३४ टक्क्यांच्या आसपास मुस्लिम.

तारखेचा प्रश्न तेवढा समजून घ्यावा लागतो, कारण परक्या माणसाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. इथिओपियाच्या वर्षाला तेरा महिने असतात. बारा महिने प्रत्येकी तीस दिवसांचे आणि शेवटी पागुमे नावाचा पाच दिवसांचा, दर चौथ्या वर्षी सहा दिवसांचा, चिमुकला महिना. नवं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. सनाचा आकडा आपल्या वापरातल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे असतो, कारण येशूच्या जन्माचं वर्ष अलेक्झांड्रियातल्या जुन्या धर्मगुरूंनी वेगळ्या गणिताने काढलं होतं. इथिओपियाने स्वतःच्या पंचांगातल्या सन २००० चा सोहळा साजरा केला तो सप्टेंबर २००७ मध्ये. शालिवाहन शक आणि इसवी सन दोन्ही एकाच कालनिर्णयावर वाचणाऱ्या मराठी माणसाला यात दचकण्यासारखं काही नाही. घड्याळ मात्र जपून पाहावं. तिथे दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला होतो, आणि तास तिथून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ‘दोनला बस सुटते’ असं कोणी सांगितलं तर ती सकाळी आठला सुटणार असते. दुपारी दोनला स्टँडवर पोचलेल्या पाहुण्याला रिकामा फलाटच दिसतो.

गेनाची तारीख इथिओपियाने कधी बदलली नाही. बदलली युरोपने. जुन्या ज्युलियन पंचांगात वर्षाची लांबी खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटं जास्त धरली होती. शतकानुशतकं ही अकरा मिनिटं साठत गेली आणि १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस गाळून पंचांग दुरुस्त केलं. इथिओपियाने ती दुरुस्ती घेतली नाही. आज दोन्ही पंचांगांत तेरा दिवसांचं अंतर आहे, म्हणून जुना २५ डिसेंबर आपल्या कॅलेंडरवर ७ जानेवारीला दिसतो. रशिया आणि सर्बियातला नाताळही याच हिशेबाने त्या दिवशी येतो. युक्रेनने २०२३ साली कायदा करून आपली नाताळची सुट्टी २५ डिसेंबरला आणली. पुढच्या शतकात हे अंतर चौदा दिवसांचं होईल आणि गेना आणखी एक दिवस पुढे सरकलेला दिसेल.

यातून एक गंमतीची गोष्ट निघते, आणि ती थेट गोव्याला जाऊन भिडते.

१५१२ साली माटेउस नावाचा एक दूत गोव्यात येऊन दाखल झाला. इथिओपियाची राजमाता एलेनी हिने त्याला पोर्तुगालच्या राजाकडे धाडलं होतं, सोबत येशूच्या क्रूसाचा मानला जाणारा लाकडाचा तुकडा देऊन. आफॉन्सो द आल्बुकर्कने त्याचं मानाने स्वागत केलं आणि त्याला पुढे लिस्बनला पाठवलं. त्याला उत्तर म्हणून १५२० साली भारतातल्या पोर्तुगीज आरमारासोबत एक वकिलात इथिओपियाच्या किनाऱ्यावर उतरली. तिच्यात फ्रान्सिस्को आल्वारिश नावाचा पाद्री होता. तो सहा वर्षं त्या देशात राहिला, आणि १५४० साली लिस्बनमध्ये त्याचं पुस्तक छापून निघालं. बाहेरच्या माणसाने इथिओपियाचं केलेलं इतकं सविस्तर वर्णन त्याआधी नव्हतं. आल्वारिशला भाषा, उपास, प्रार्थनेची पद्धत, सगळं परकं होतं. नाताळची तारीख मात्र परकी नव्हती. पंचांग दुरुस्तीला अजून साठ वर्षं होती, त्यामुळे गोव्यात, लिस्बनमध्ये आणि इथिओपियाच्या डोंगरात नाताळ एकाच दिवशी येत होता.

पुढच्या शतकात मात्र याच गोव्यातून गेलेल्या मंडळींनी तिथे मोठी आग लावली. जेझुइट पाद्री पेद्रो पाएझ १६०३ साली तिथे पोचला. तो समंजस होता, लोकांची भाषा शिकला, आणि राजा सुसेन्योस त्याच्या प्रभावाखाली कॅथलिक झाला. पाएझच्या मृत्यूनंतर १६२५ साली आलेल्या आफॉन्सो मेंडिश या पॅट्रिआर्कला धीर नव्हता. लोकांचा पुन्हा बाप्तिस्मा, धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा, प्रार्थना रोमच्या पद्धतीने, सणांचे दिवस रोमच्या पंचांगाने. देश पेटला. वर्षानुवर्षं रक्त सांडल्यावर १६३२ साली सुसेन्योसने जुना धर्म परत आणला आणि गादी मुलाकडे, फासिलिदेसकडे, सोपवली. जेझुइटांना हद्दपार करण्यात आलं. मेंडिश गोव्याला परतला आणि तिथेच १६५६ साली वारला. या इतिहासानंतर इथिओपियन माणसाला ‘तुमचा नाताळ उशिरा का?’ असं विचारताना पाहुण्याने जरा विचार करावा. ज्या तारखेसाठी पूर्वज लढले ती तारीख उशिराची कशी म्हणायची?

आता उपासाविषयी.

गेनाच्या आधी नोव्हेंबरच्या अखेरीपासून सुमारे ४३ दिवस ‘संदेष्ट्यांचा उपास’ चालतो. मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं बंद. काटेकोर पाळणारे दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत आणि दिवसातून एकदाच जेवतात. शिवाय वर्षभर जवळपास प्रत्येक बुधवार-शुक्रवार असतोच, ईस्टरआधीचा लांबलचक उपास असतो, आणखीही काही असतात. धर्मगुरूंचं निम्म्याहून जास्त वर्ष उपासात जातं. युरोप-अमेरिकेत नाताळ म्हणजे डिसेंबरभर खाणंपिणं. इथे डिसेंबरभर पोट आवळलेलं असतं, आणि सणाचा सगळा जोर त्या आवळण्यातूनच येतो. आषाढी-कार्तिकीचं व्रत धरणाऱ्यांना, श्रावण पाळणाऱ्यांना हे सांगायला नको.

शाकाहारी मराठी प्रवाशासाठी तर हे दिवस सुखाचे. कुठल्याही साध्या खाणावळीत ‘त्सोम’ म्हणजे उपासाचं मागितलं की भलंमोठं ताट येतं. तेफ या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून केलेली सच्छिद्र, आंबूस चवीची इंजेरा खाली पसरलेली असते. तिच्यावर मसूर, वाटाण्याची डाळ, पालेभाजी, बीट, कोबी असे ढीग. मधोमध शिरो. हरभऱ्याच्या किंवा इतर कडधान्याच्या पिठात कांदा, लसूण आणि तिखट मसाला घालून शिजवलेला हा पदार्थ पहिल्या घासाला थेट पिठल्याची आठवण करून देतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण ते जवळपास सगळ्यात असतं. ७ जानेवारी उजाडला की हे ताट बऱ्याच ठिकाणी मागे पडतं, कारण त्या दिवसापासून सगळ्यांना कोंबडीचे वेध लागलेले असतात.

सणाच्या आधीच्या आठवड्यात शहरांच्या रस्त्यांवर मेंढ्यांचे कळप उतरतात. माणसं मेंढी उचलून पाहतात, पाठीच्या कण्यावरून हात फिरवून मांसाचा अंदाज घेतात, घासाघीस करतात. आळीतली चार-सहा घरं वर्गणी काढून एक बैल घेतात आणि त्याचे सारखे वाटे करतात, या भागीदारीला ‘किरचा’ म्हणतात. अदिस अबाबाच्या शिरो मेदा भागातल्या दुकानांत हातमागावरचे पांढरे कपडे घ्यायला झुंबड उडते. ‘नेतेला’ नावाचा पातळ, झिरझिरीत सुती शेला, त्याला रंगीत किनार. चर्चला जाताना तो एका तऱ्हेने घेतात, सुतकात दुसऱ्या तऱ्हेने. परक्या बाईने तो विकत घेतला, तर दुकानदारीणच तो खांद्यावरून कसा घ्यायचा ते करून दाखवते.

घरात डोरो वत शिजत असतो, कोंबडीचा रस्सा. तो घाईने होत नाही. ढीगभर कांदा बारीक चिरून कोरड्या पातेल्यात, तेलाचा थेंब न घालता, मंद आचेवर ढवळत राहायचा. कांद्याचं पाणी सुटतं, आटतं, मग तो काळपट तांबूस होतो. यातच तास-दीड तास जातो. मग बेरबेरे, म्हणजे लाल मिरचीत वेलची, मेथी, आलं, लसूण असं बरंच काही कुटून केलेला मसाला. त्यानंतर मसाल्यात कढवलेलं लोणकढं तूप, जे दीड महिना घरात कोणी चाखलेलं नसतं. कोंबडी आधी लिंबू-मीठ लावून पुन्हा पुन्हा धुवून घेतलेली असते. परंपरेने तिचे बरोबर बारा तुकडे करायचे, आणि सांध्यावरून नीट सुटणारे ते बारा तुकडे पाहून सुनेचा हात कसा आहे ते सासू ओळखते. शेवटी सोललेली उकडलेली अंडी रस्स्यात सोडतात.

जेवायला सगळे एकाच ताटाभोवती बसतात. गवताच्या विणलेल्या, टोपलीसारख्या उंच बैठकीवर ताट असतं, प्रत्येक जण उजव्या हाताने आपल्या पुढ्यातलं खातो. उष्ट्याखरकट्याचा विचार हाडीमासी मुरलेल्या आपल्याकडच्या माणसाला इथे क्षणभर अडखळायला होतं. तेवढ्यात यजमानीण इंजेराचा तुकडा मोडून, त्यात मांस गुंडाळून, तो घास पाहुण्याच्या तोंडापुढे धरते. याला ‘गुर्शा’ म्हणतात. घास जितका मोठा तितकी माया मोठी, आणि तो नाकारणं म्हणजे माया नाकारणं. आपल्याकडे मंगळागौरीला, लग्नाच्या पंक्तीत घास भरवतात. तिथे तो पहिल्यांदा भेटलेल्या परक्यालाही भरवतात. शाकाहारी पाहुण्याने आधी सांगून ठेवावं, म्हणजे डाळीचा घास येतो, पण येतो नक्की.

जेवणानंतर कॉफी. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, निखाऱ्यावर ऊद, आणि हिरव्या बिया तिथेच भाजून, कुटून, मातीच्या सुरईत उकळलेली कॉफी, सोबत मक्याच्या लाह्या. अरेबिका कॉफीचं मूळ घर हेच. एकाच पुडीवर तीनदा पाणी उकळून तीन फेऱ्या होतात, आणि पहिल्या पेल्यानंतर उठून जाणं चांगलं दिसत नाही. एखाद्या वृद्ध गृहस्थाला पाहुणा भारतीय आहे असं कळलं, तर याच वेळी शाळेतल्या भारतीय शिक्षकाचा विषय निघण्याचा संभव फार. सम्राट हायले सेलासी यांच्या काळात भारतातून, विशेषतः केरळमधून, शिक्षकांना बोलावून घेतलं गेलं आणि इथिओपियाच्या एका पिढीने गणित, विज्ञान, इंग्रजी त्यांच्याकडून घेतलं. ती पिढी हे विसरलेली नाही.

गेनाचा खरा मुक्काम मात्र राजधानीपासून दूर, उत्तरेच्या डोंगरात आहे. लालिबेला हे गाव सुमारे २५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही आठशे-साडेआठशे मीटर वर. तिथे अकरा चर्च आहेत आणि त्यांतलं एकही बांधलेलं नाही. सगळी खडकात कोरलेली. कोरण्याची रीत ऐकली की मराठी वाचकाला ताबडतोब काय आठवेल ते उघड आहे. आधी वरून खाली खोल चर खणून खडकाचा एक प्रचंड ठोकळा मोकळा करायचा, मग त्या ठोकळ्याला छतापासून पायापर्यंत आकार देत उतरायचं, आणि आत पोखरत खांब, कमानी, गाभारा काढायचा. वेरूळचं कैलास लेणं याच पद्धतीने आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात घडलं. लालिबेलाची चर्च परंपरेने बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या सुरुवातीला राज्य केलेल्या लालिबेला राजाच्या नावावर आहेत. त्यांतले काही भाग आणखी जुने असावेत असं काही पुरातत्त्वज्ञ मानतात. या दोन ठिकाणांत देवाणघेवाण झाल्याचा पुरावा नाही. ज्वालामुखीच्या खडकात काम करणाऱ्या दोन देशांतल्या पाथरवटांना स्वतंत्रपणे तीच युक्ती सुचली, आणि ही गोष्ट उसन्या कलेपेक्षा कितीतरी जास्त थक्क करणारी आहे.

वेरूळच्या शेजारीच इथिओपियाचा आणखी एक धागा विसावलेला आहे. खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना झुंजवत राहिला, आणि १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, जी आजचं छत्रपती संभाजीनगर आहे. कैलास लेण्यापासून ती कबर गाडीने काही मिनिटांवर आहे.

आल्वारिश लालिबेलाला गेला होता. ती चर्च पाहून त्याने जे लिहिलं ते वाचून आजही हसू येत नाही, पटतं. आपण हे लिहितोय ते लोकांना खरं वाटणार नाही अशी धास्ती त्याला वाटली आणि लिहिलेलं सत्य आहे अशी देवाची शपथ त्याने घातली. सर्वांत मोठं चर्च, बेते मेधाने आलेम, सुमारे ३३ मीटर लांब आहे. सगळ्यांत देखणं बेते गिओर्गिस बाकीच्यांपासून वेगळं, एका खोल चौकोनी खड्ड्यात उभं आहे, क्रॉसच्या आकाराचं. त्याचं छप्पर भोवतालच्या जमिनीच्या पातळीत आहे. त्यावर एकात एक कोरलेले क्रॉस दिसतात, आणि अगदी काठाशी जाईपर्यंत खाली इमारत आहे हे लक्षातही येत नाही. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली बारा स्थळं जाहीर केली, त्यांत लालिबेला होतं. वेरूळचा समावेश १९८३ मध्ये झाला. एक मोठा फरक मात्र आहे. वेरूळला आपण तिकीट काढून पाहायला जातो. लालिबेलात आठशे वर्षांनंतरही रोज पहाटे प्रार्थना चालते.

गेनाच्या आधी तिथे यात्रेकरू उतरायला लागतात. काही बसने, काही ट्रकच्या पाठीवर, पुष्कळसे पायी, दिवसचे दिवस चालत, शिदोरी बांधून. म्हातारी माणसं काठी टेकत येतात, बायका पोरं पाठीशी बांधून येतात. पंढरीची वाट चाललेल्या माणसाला ही गर्दी परकी वाटणार नाही. चर्चभोवतीच्या उतारावर, झाडांखाली, उघड्यावर मुक्काम पडतात. सगळे पांढऱ्यात. ६ जानेवारीच्या संध्याकाळी प्रार्थना सुरू होते आणि रात्रभर चालते. चर्चमध्ये शिरताना पादत्राणं बाहेर काढायची, स्त्रिया आणि पुरुष वेगळे उभे राहतात. बसायला बाकं नसतात. तासन्‌तास उभं राहायचं असल्यामुळे धर्मगुरूंच्या हातात उंच, टोकाला आडवी मूठ असलेली काठी असते, तिच्यावर हनुवटी किंवा बगल टेकून ते उभे राहतात. भाषा गीझ, जी आता कोणाच्याही घरात बोलली जात नाही, फक्त प्रार्थनेत आणि पोथ्यांत जिवंत आहे. गायनाची परंपरा सहाव्या शतकातल्या संत यारेदच्या नावाने चालत आली आहे. दोन बाजूंनी चामडं चढवलेला मोठा केबेरो ढोल गळ्यात अडकवून वाजवतात, धातूच्या चकत्यांची खुळखुळणारी त्सेनात्सिल हातात हलवतात, आणि धर्मगुरू दोन रांगांत सामोरासमोर, हळूहळू डोलत, पावलं टाकत गातात.

७ जानेवारीच्या सकाळी बेते मरियम या चर्चच्या अंगणात ‘बेझा कुलू’ होतं. हे अंगण खडकात खोल उतरलेलं आहे, त्याच्या चारी कडा म्हणजे वरच्या जमिनीचे काठ. त्या काठांवर धर्मगुरू आणि सेवक ओळीने उभे राहतात, दुसरे तितकेच खाली अंगणात. वरचे गातात, खालचे उत्तर देतात. वरचे देवदूत, खालचे माणसं. येशूच्या जन्माची वार्ता आकाशातून आली आणि पृथ्वीने ती झेलली, एवढंच त्यात आहे, पण त्यासाठी रंगमंच उभारावा लागलेला नाही. खडक कोरताना जो खड्डा तयार झाला तोच स्वर्ग आणि पृथ्वी दोन्ही होतो. आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांच्या कामाचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कुठल्या सणात होत असेल असं वाटत नाही. याच दिवशी लालिबेला राजाचाही जन्मदिवस मानतात, त्यामुळे गावाला सण दुप्पट असतो.

दुपारी गावोगावच्या माळावर गेना नावाचाच खेळ रंगतो. वाकड्या काठ्या, लाकडी चेंडू, आणि हॉकीपेक्षा बराच आडदांड बाज. येशू जन्मल्याची वार्ता कळताच मेंढपाळांनी आनंदाने आपल्या काठ्यांनी हा खेळ मांडला अशी समजूत आहे. खेळात धनी आणि चाकर एकत्र उतरत, आणि त्या दिवशी धन्याने रागवायचं नाही असा रिवाज होता. शहरांतून हा खेळ आता मागे पडला आहे.

अदिस अबाबात अलीकडे मॉलमध्ये झाडं, दिव्यांच्या माळा, सांताक्लॉज दिसू लागलेत. तिथल्या जुन्या माणसांना ते आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्यांच्याकडे बेझा कुलू आहे त्यांना कापसाचा बर्फ कशाला हवा? देशभरातला सर्वांत मोठा धार्मिक उत्सव मात्र गेना नव्हे, त्यानंतर बारा दिवसांनी येणारा तिमकत, येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यात कराराच्या कोशाची प्रतिकृती मानला जाणारा ‘ताबोत’ असतो. तो जरीच्या वस्त्रात झाकून, धर्मगुरूंच्या डोक्यावरून, वाजतगाजत पाण्याकाठी नेतात, रात्रभर तिथे जागतात आणि सकाळी आशीर्वादाचं पाणी लोकांवर उडवतात. गोंदर शहरात फासिलिदेसच्या नावाच्या जुन्या हौदात हजारो माणसं उडी घेतात. २०१९ साली युनेस्कोने तिमकतला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सुट्टी काढता येत असेल, तर दोन्ही सण एकाच खेपेत साधावेत.

आता सावधगिरीचं. इथिओपियाच्या उत्तरेने गेल्या काही वर्षांत फार सोसलं आहे. २०२० ते २०२२ या काळात तिग्रे युद्ध झालं. २०२१ मध्ये लालिबेला काही महिने तिग्रेच्या सैन्याच्या ताब्यात होतं. २०२३ पासून अम्हारा प्रांतात सरकारी फौजा आणि स्थानिक सशस्त्र गट यांच्यात संघर्ष सुरू झाला आणि लालिबेला त्याच प्रांतात आहे. विमानसेवा अधूनमधून बंद पडली, परदेशी पाहुणे आटले, त्यांच्यावर पोट असलेली वाटाडे, हॉटेलवाले, खाणावळवाले यांची कुटुंबं अडचणीत आली. यात्रेकरू मात्र त्या वर्षांतही येतच राहिले. परदेशी माणसाने तिथे जाण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि वकिलातीच्या ताज्या सूचना वाचाव्यात, आणि रस्त्याने जाण्याचा हट्ट करू नये.

उत्तरेला जाणं शक्य नसेल तरी अदिस अबाबातला गेना चुकवू नये. मुंबईहून तिथे थेट विमान आहे, प्रवास सहा तासांच्या आसपास. ६ जानेवारीच्या रात्री पांढरा शेला घेऊन शहरातल्या कुठल्याही मोठ्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारात उभं राहता येतं, कोणी हटकत नाही. मेणबत्ती दारातच विकत मिळते. गरम कपडे हवेत, कारण शहर साडेतेवीसशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि जानेवारीची रात्र गारठलेली असते. आदल्या चार-आठ दिवसांत उपासाचंच जेवावं. मध्यरात्रीनंतर प्रार्थना संपते, लोक घरी जाऊन उपास सोडतात, आणि ओळखीचं एखादं जरी घर असेल तरी पाहुण्याला बोलावणं येतंच. त्या वेळी म्हणायचं, ‘मेल्काम गेना’. एवढं म्हणता आलं की पुढचं सगळं यजमान पाहून घेतात.